सूनबाईला तमाशाला नेतो

आमची सून रोज गच्चीवर जाऊन रडते, ही बातमी मला समोरच्या विशालाक्षीबाईंकडून कळली. घरातली बातमी घराबाहेरून कळणं हा कर्त्या पुरुषाचा अपमान असतो, हे मी त्यांना तिथल्या तिथं सुनावलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच बघा की हो, भीमसेनराव. नोडी, बघा, पाठमोरी उभी राहते, तोंडावर टॉवेल धरते, आणि खांदे असे असे हलतात." हे 'असे असे' त्यांनी करून दाखवलं, त्यात हातातल्या सुपातली अर्धी उडदाची डाळ रस्त्यावर गेली. ती डाळ माझ्यामुळे सांडली असं त्या अजून सांगत असतात.

मी इथं म्हैसूरच्या सर्व्हे खात्यात एकतीस वर्षं मोजणीची साखळी ओढली आहे. सरगूरच्या शेतात गुडघाभर चिखलात उभं राहून मी हद्दी ठरवल्या आहेत. कुणाच्या सांगण्यावरून हद्द मान्य करायची नाही, स्वतः जाऊन मोजायची, हा माझा बाणा. तेव्हा दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, दुपारच्या जेवणाला मी मुद्दाम सुनेसमोर बसलो आणि तिचं मन रमावं म्हणून माझा मित्र शेषगिरी याची हकीकत सांगायला घेतली.

"काल शेषगिरीच्या स्कूटरला अवघड झालं," मी म्हणालो.

"काय अवघड झालं, अप्पा?" शाल्मलीनं विचारलं.

"अवघडच झालं. सिटी स्टँडसमोर. एकदम मोठं अवघड. शेषगिरीला काही नाही, पण मागं बसलेल्या बायकोला जास्त अवघड झालं."

शाल्मलीनं हातातला घास ताटात ठेवला. ओठ घट्ट मिटले, डोळे पाण्यानं भरले. "कपडे आणते हं," एवढं कसंबसं म्हणून ती जिन्याकडे पळाली. मी हळूच मागोमाग गेलो. दोरीवर एकही कपडा नव्हता. आमचं वॉशिंग मशीन शनिवारपासून बंद होतं. पाण्याच्या टाकीपाशी ती पाठमोरी उभी होती, टॉवेल तोंडात कोंबलेला, आणि खांदे विशालाक्षीबाईंनी दाखवले होते तस्सेच हलत होते. मला भरून आलं. शेषगिरीच्या बायकोला तिनं जन्मात पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या बाईसाठी एवढी माया!

खाली येऊन मी नागरत्नाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते शेषगिरीसाठी नव्हे हो. करमत नाही तिला. पुण्याची पोर." मग तिनं मला दुसरी बातमी दिली, तीही मला शेवटीच कळायची होती. शाल्मलीच्या कंपनीनं विचारलं होतं की बेंगळुरूच्या ऑफिसात येता का, आणि उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. ती गेली की आमचा रंगनाथही जाणार. मग या घरात उरणार आम्ही दोघं आणि ते बंद मशीन.

खरं सांगतो, मला ती पोर फार आवडते. लग्न होऊन आठ महिने झाले, एकदा आवाज चढवला नाही. मी बोलायला लागलो की खाली मान घालून, ओठ मिटून ऐकते. इतकं मन लावून माझं बोलणं माझ्या खात्यातही कुणी ऐकलं नव्हतं. शिवाय पुण्याची असून आमच्या मराठीवर तिनं आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि काढणार काय? आमच्या घराण्यात जी मराठी बोलतात ती पूर्वजांनी इकडं येताना बरोबर आणलेली, अस्सल, पाणी न घातलेली मराठी आहे, असं मी तिला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. तेव्हाही ती कपडे आणायला गेली होती.

संध्याकाळी रंगनाथ नंजनगूडच्या फॅक्टरीतून आला तसा मी त्याला बूट काढायच्या आत धरलं. तो म्हणाला, "अप्पा, तिला स्टँड-अपचा नाद आहे. पुण्यात दर शनिवारी जायची. ते मोठ्या हॉलमधलं नाही, इंडिपेंडंट. इथं तसलं चांगलं काही मिळेना म्हणते."

"स्टँड-अप म्हणजे?"

"एक माणूस उभा राहून तमाषे करतो, लोक हसतात. अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच. आणि आमच्याकडं विनोद, थट्टा, गंमत या सगळ्याला मिळून तमाषे म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढं त्यानं मला कुठं नेऊन सोडलं ते कळेल. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं की प्रश्न सोपा आहे. पोरीला हसायला हवंय. म्हैसूर केवढं शहर, इथं शनिवारी संध्याकाळी हसायला जागा नाही? मी वही काढली, तारीख घातली आणि वर लिहिलं: 'शोध: इंडिपेंडंट, चांगले, उभ्याने.'

यातलं 'इंडिपेंडंट' मला तोंडपाठ होतं. इंडिपेंडंट घर म्हणजे ज्याची एकही भिंत शेजाऱ्याशी कॉमन नाही आणि चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेली आहे. उरलेला 'स्टँड' विशालाक्षीबाईंनी सोडवायला घेतला. "सिटी स्टँड की सबर्बन स्टँड?" त्यांनी विचारलं. बस स्टँडशी त्याचा संबंध नाही म्हटल्यावर त्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, "उभं राहून हसतात ना? मग पार्कात सकाळी सहाला हसतात की! माझे दीर जातात. त्यांची शुगर उतरली."

बुधवारी पहाटे मी शाल्मलीला पार्कात घेऊन गेलो. स्वेटर घातलेली चाळीसेक ज्येष्ठ मंडळी गोल उभी होती. मधल्या पांढऱ्या मिशीवाल्या गृहस्थांनी शिट्टी वाजवली की सगळे हात वर करून "हो हो, हा हा हा" म्हणत आणि पुन्हा शिट्टी झाली की एकदम गप्प होत. मीही केलं. तिसऱ्या फेरीला माझी वरची कवळी निसटली, ती मी हवेतच झेलली. शाल्मली हात जोडून उभी होती, चेहऱ्यावर सुरकुती नाही. चाळीस माणसं पोट धरून हसताहेत आणि ही पोर ढिम्म! दुखणं किती खोल गेलंय ते मला तिथं कळलं.

परत येताना तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "त्या मिशीवाल्यांना सगळे केवढी मर्यादा देतात बघितलंस? आमच्या घरातपण तसंच. तू आलीस त्या दिवसापासून आम्ही तुला मर्यादा देतोय. नवीन सुनेला मर्यादा द्यायलाच पाहिजे. कमी पडत असेल तर सांग, आणखी देतो."

ती "नाही अप्पा, भरपूर आहे" म्हणाली आणि एका झाडामागं गेली. बराच वेळ आली नाही. झाडाच्या एका बाजूनं तिचा खांदा दिसत होता आणि तो हलत होता. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

आता सरकारी मार्गानं जायचं ठरवलं. चार माणसं एकत्र जमवायची तर कुठंतरी परवानगी लागते, परवानगी लागते तिथं रजिस्टर असतं, आणि रजिस्टर असलं की ते बघायला मागता येतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. एका कचेरीत (नाव सांगत नाही, त्यांनाही संसार आहेत) मी पहिल्या टेबलापासून सुरुवात केली. पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं वरच्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यानं पुन्हा पहिल्या टेबलावर. पण तोवर पहिल्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता आणि त्याच्या जागी बसलेल्या बाईंनी एक जाडजूड वही उघडली. सर्कस होती, जादूचे प्रयोग होते, ऑर्केस्ट्रा होता, यक्षगान होतं. कुत्र्यांचं प्रदर्शनसुद्धा होतं.

"तुमचं ते कूतकोंडा, निंतकोंडा?" बाईंनी विचारलं. म्हणजे बसून करायचं की उभ्यानं.

"उभ्यानं. एकच माणूस."

"बसून असतं तर हरिकथेत घातलं असतं. उभ्यानं एकच माणूस म्हणजे भाषण. भाषणाला लोक हसतात का?"

"कधी कधी हसतात," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अर्ज द्या म्हणाल्या. तीस दिवसांत उत्तर येईल. मी अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. सोमवारला चार दिवस उरले होते आणि माझ्या हातात एक पोच होती. त्या पोचेकडे बघून नागरत्ना जे म्हणाली ते कानडीत होतं आणि छापण्यासारखं नाही.

मार्ग निघाला तो शेवटी शिंप्याकडं. देवराज मोहल्ल्यातले मानाजीराव माझे जुने स्नेही. आमच्या तीन पिढ्यांच्या पँटी त्यांच्या दुकानानं शिवल्या, आणि तिन्ही पिढ्यांना त्या कमरेत सैल झाल्या. गुरुवारी मी तिथं जाऊन नुसता उसासा टाकला तर ते म्हणाले, "अय्यो, उभ्यानं तमाषे? ती आमची दातांची डॉक्टरीण करते की! मागच्या महिन्यात जॅकेट शिवून घेतलं माझ्याकडं. खांद्याचं माप घेताना दोन तमाषे सांगितले तिनं, माझ्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. एक अजून सापडली नाही." ती सापडली नाही हे सांगताना त्यांनी गळ्यावरून हात फिरवला. मी विषय बदलला. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, एका जुन्या कॉफीच्या गोदामात, वीस-पंचवीस खुर्च्या. पत्ता त्यांनी कापडावर खडूनं लिहून दिला.

मी लगेच जागा बघून आलो. टेप बरोबर होतीच. तिथल्या खुर्च्या लावणाऱ्या बाई "आम्ही पूर्ण इंडिपेंडंट आहोत" असं मोठ्या अभिमानानं सांगायला लागल्या, तेव्हा पूर्वेची भिंत शेजारच्या पिठाच्या गिरणीशी कॉमन असल्याचं मला त्यांच्या नजरेस आणून द्यावं लागलं. त्यांना ते माहीत नव्हतं. तरी वेळ थोडा होता, म्हणून मी भिंतीकडे दुर्लक्ष करून जागा पसंत केली.

घरी आल्यावर नागरत्ना म्हणाली, "तिच्या आईवडिलांना कळवलं पाहिजे. पोर आजारी आणि व्याह्यांना पत्ता नाही, बरं दिसतं का?" अगदी रास्त बोलली. आमचे व्याही जगन्नाथराव पुण्याच्या एका कॉलेजात मराठीचं व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. माणूस ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जपून बोलतो. लग्नात चार दिवस आमच्याबरोबर होते, पण हसताना कुणी बघितलं नाही. अशा माणसाला लिहायचं तर मराठी शुद्ध पाहिजे. मी तासभर बसून मोबाइलवर मजकूर तयार केला. तमाषे हा कानडी वळणाचा उच्चार, शुद्ध मराठीत तो 'तमाशा' असणार, हे माझ्या वेळेवर ध्यानात आलं आणि मी सगळीकडं दुरुस्त केलं. तो संदेश मी इथं जसाच्या तसा देतो, कारण पुढं बऱ्याच लोकांनी तो चुकीचा सांगितला:

'श्री. जगन्नाथराव यांस सा. न. वि. वि. इकडे आम्ही सर्व हुशार आहोत. शाल्मली मात्र हुशार नाही. आठ महिने झाले. औषधाने जाणारे नव्हे. म्हणून येत्या शनिवारी सहा वाजता सूनबाईला तमाशाला नेतो. तिथे उभे राहून तमाशा करतात. जागा लहान, पण लोक चांगले येतात. एक दातांची डॉक्टरीणही करते. आवडले तर दर शनिवारी नेत जाऊ. तुम्ही उभयतांनी अवश्य यावे. तुमचा दोघांचा चांगला उपचार करू, काही कमी पडू देणार नाही. आपला, भीमसेन.'

निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मजकूर आवडला असणार असं मी धरून चाललो.

शनिवारी सकाळी नागरत्नानं आणखी एक शहाणपण केलं. "आजच्या दिवशी तरी रडायला नको," म्हणून तिनं गच्चीच्या दाराला कुलूप घालायला लावलं आणि किल्ली माझ्या खिशात टाकली. दुपारी साडेचारला आम्ही सगळे तयार होतो. मी कोट चढवला होता, रंगनाथ बूट घालत होता. नागरत्ना व्याही आलेच तर असावी म्हणून कोशिंबिरीची काकडी चिरत होती. तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली आणि जगन्नाथराव व विहीणबाई उतरले. पुण्याहून विमानानं बेंगळुरू, तिथून थेट टॅक्सीनं. मला धन्य वाटलं. एका संदेशावर इतक्या लांबून कोण येतं?

जगन्नाथराव बसले नाहीत. पाणी घेतलं नाही. "भीमसेनराव," ते म्हणाले, "माझी मुलगी हुशार नाही?"

"नाही हो," मी मान खाली घालून म्हणालो.

"विद्यापीठात दुसरी आली होती ती!"

"तेव्हा हुशार असेल की. लग्नातपण चांगली हुशार होती, मी स्वतः बघितली. इथं आल्यावर बिघडलं. हवा बदलली की होतं तसं. ही नागरत्ना लग्न होऊन आली तेव्हा वर्षभर हुशार नव्हती. मत्ते, मग रोज सकाळी काढा दिला, हुशार झाली."

विहीणबाईंनी नागरत्नाकडे पाहिलं. "आता एकदम हुशार आहे मी," नागरत्ना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

जगन्नाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि तमाशा? माझ्या मुलीला तुम्ही तमाशाला नेणार?"

"त्याची काळजीच नको! तमाशा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. माझे आजोबा काय तमाशा करत! देवळात भजन संपलं की लोक त्यांना उठू द्यायचे नाहीत. भीमण्णा, एक तमाशा होऊ दे, म्हणायचे."

"देवळात?"

"देवळातच. बायकामुलंपण बसायची. आणि ही नागरत्ना, बघायला गेलो तेव्हा हिनं असा तमाशा केला की मी तिथंच होकार दिला."

विहीणबाई मटकन खाली बसल्या. मी तो प्रवासाचा शीण समजलो.

"आणि वर माझा उपचार करणार म्हणता?" जगन्नाथरावांचा आवाज कापत होता.

"करणार म्हणजे करणारच! लग्नाच्या गडबडीत तुमचा उपचार राहून गेला, त्याबद्दल लोकांनी मला बोल लावला. आज दोघांचापण करतो, सोडत नाही. नागरत्ना, ये ग, सुरू करू या!"

नागरत्ना हातातल्या सुरीसकट बाहेर आली. जगन्नाथराव दोन पावलं मागं सरकले आणि छत्रीच्या स्टँडवर आपटले.

नेमकी त्या वेळी शाल्मली तयार होऊन खोलीबाहेर आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचे ओठ मिटलेले, डोळे भरलेले. विहीणबाई किंचाळल्या, "बघा हो, रडतेय माझी पोर!" शाल्मली काही न बोलता वळली आणि जिन्याकडे धावली. आम्ही सगळे मागोमाग. तिनं गच्चीचं दार ओढलं. कुलूप. पुन्हा ओढलं. मग ती आमच्याकडं वळली, टॉवेल जवळ नव्हता, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की कुकरची शिट्टी उडाली असं मला वाटलं.

ती हसत होती. वरच्या पायरीवर बसली, हसली, दोन पायऱ्या खाली घसरली, तिथं पुन्हा हसली. मध्येच थांबून "देवळात!" म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. आम्ही पाचजण जिन्यात रांगेनं उभे राहून तिच्याकडं बघत होतो. श्वास मिळाला तसं तिनं वडिलांना सांगितलं, तुकड्यातुकड्यात. "बाबा, हुशार नाही म्हणजे बरी नाही. इथं कानडीत तसंच म्हणतात. तमाशा म्हणजे विनोद. उपचार म्हणजे पाहुणचार हो, कोशिंबीर!"

जगन्नाथरावांनी मोबाइल काढून माझा संदेश पुन्हा वाचला, विद्यार्थ्याचा पेपर वाचावा तसा सावकाश. मी मात्र दुसऱ्याच हिशेबात होतो.

"म्हणजे तू गच्चीवर..." मी विचारलं.

"हसत होते, अप्पा."

"शेषगिरीच्या अवघडाला?"

तिनं मानेनंच हो म्हटलं आणि भिंत धरून पुन्हा हसली. इकडं अवघड म्हणजे अपघात, तिकडं अवघड म्हणजे कठीण, हे मला त्या दिवशी जिन्यात समजलं. बायकोला जास्त कठीण झालं, असं मी आठवडाभर सांगत होतो. मर्यादेचंही तसंच. आमची मर्यादा म्हणजे मान. तिकडं पोरीला वाटलं असणार की सासरा पहिल्या दिवसापासून कुंपण घालतोय. तिनं मोबाइलमध्ये यादी ठेवली होती. वर नाव होतं 'अप्पांचे शब्द', आणि खाली आकडा होता दोनशे अकरा.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. एकतीस वर्षांत माझ्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नाही, आणि इथं माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसून दोनशे अकरा. पूर्वजांची मराठी! मी खाली उतरून कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि म्हणालो, "म्हणजे या घरातला तमाषे मीच."

शाल्मलीचं हसू एकदम थांबलं. ती खाली येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. "याचीच भीती होती, अप्पा. तुम्ही इतक्या प्रेमानं बोलता आणि मला हसू आवरत नाही. रंगनाथला कसं सांगणार, की तुझ्या वडिलांना हसते? बेंगळुरूला जाते म्हणत होते ते त्यासाठीच. एक दिवस तुमच्यासमोर फुटेन आणि तुम्ही माझ्याशी बोलायचे बंद व्हाल, असं वाटायचं. तुम्ही बोलायचे बंद झालात तर मी या घरात काय ऐकू?"

 रंगनाथ बुटांकडे बघत होता. सोमवार मधे येऊन बसला होता, आणि तो आता माझ्या हातात आहे हे सगळ्यांना कळत होतं. मला मात्र तोंड उघडलं की दोनशे बारावा शब्द बाहेर पडेल अशी धास्ती. जन्मात पहिल्यांदा मी बोलायला घाबरलो.

नागरत्नानं कॉफी आणली. जगन्नाथरावांना आपल्या वागण्याची लाज वाटत असावी. त्यांनी पेला हातात घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आपल्याकडे चहा घेत नाहीत वाटतं?"

आता पाहुण्यानं विचारल्यावर गप्प कसं राहणार? मी अगदी जपून, एकेक शब्द पारखून उत्तर दिलं. "चहा करता येईल की. पण आम्हाला सगळ्यांना पहिल्यापासून कॉफीचा अभ्यास. रंगनाथाला शाळेत असल्यापासून फक्त कॉफीचाच अभ्यास होता. हिला तर दिवसातून चार वेळा अभ्यास लागतो, नाही केला तर डोकं धरतं."

 मी नागरत्नाकडे बघितलं, तिला काही चुकलंय असं दिसत नव्हतं. अभ्यास म्हणजे सवय, यात काय चुकायचंय? मग मी शाल्मलीकडे बघितलं. ओठ मिटलेले, डोळे भरलेले. ती सवयीनं उठली, "कपडे..." म्हणाली, दोन पायऱ्या चढली आणि कुलूप आठवून थांबली. पाठमोरी उभी राहिली. खांदे हलायला लागले.

किल्ली माझ्या खिशात होती. मी हात घातला, ती बोटांना लागली. आठ महिने ही पोर माझा मान राखायला जिने चढत होती, उन्हात, पावसात, रिकाम्या दोरीपाशी. मी किल्ली तशीच खिशात सोडली.

"बैस," मी म्हणालो. "इथंच हस."

ती वळली. माझ्याकडे बघितलं, मी खरंच म्हणतोय का ते पाहिलं, आणि "दोनशे बारा" एवढंच म्हणून कोसळली. मग रंगनाथ हसला. मग विहीणबाई. नागरत्नाला कशाला हसायचं ते कळलं नव्हतं, तरी ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. आणि मग कोपऱ्यातून एक विचित्र, कुरकुरणारा, फार दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा आवाज आला. जगन्नाथराव हसत होते. शाल्मलीनं तोंडावर हात ठेवला. तीस वर्षांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता. मीही हसलो, आणि या वेळी कवळी झेलायला दोन्ही हात लागले.

समोरून विशालाक्षीबाई ओरडल्या, "अय्यो, आता सगळं घरच रडायला लागलं की!"

सहा वाजून गेले होते. त्या शनिवारी आम्ही कुठंच गेलो नाही. पाहुण्यांचा उपचार मात्र दोन्ही वेळ केला, आणि जगन्नाथरावांनी कोशिंबीर तीनदा मागून घेतली.

सोमवारी शाल्मलीनं बेंगळुरूला नाही म्हणून कळवलं. पुढच्या शनिवारी आम्ही त्या गोदामात जाऊन आलो. डॉक्टरीण छान करते, शाल्मली दोनदा टाळ्या वाजवून हसली. पण येताना म्हणाली, "अप्पा, घरचं जास्त इंडिपेंडंट आहे." मोजणीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, आमच्या घराची एकही भिंत कॉमन नाही. आता गच्चीवर कुणी जात नाही, त्यामुळं परवा मशीन दुरुस्त होऊन पहिल्यांदा वाळत घातलेला माझा लेंगा पावसात भिजला. यादी दोनशे चाळीसवर गेली आहे. मी एकदा मुद्दाम एक शब्द उलटा वापरून बघितला तर तिनं तो मोजायला नकार दिला, असलं चालत नाही म्हणाली.

काल पुण्याहून संदेश आला. ऱ्हस्व-दीर्घ सगळे जागच्या जागी. 'श्री. भीमसेनराव यांस सा. न. वि. वि. इकडे आम्ही उभयता हुशार आहोत. शाल्मली हुशार आहे ना? इथे घरात फार शांतता असते. तरी पुढच्या महिन्यात आठ दिवस उपचारासाठी तुमच्याकडे येत आहोत. तमाशा चालू ठेवावा.'